बर्फात फर्नेस (घर गरम करणारं मशीन) बंद पडली आहे, घरात सासूबाई आणि लहान मूल. काय करू? (तातडीचं)

चांदणवेल | शनिवार, रात्री १०:१०

नमस्कार, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. दुपारपासून सलग बर्फ पडतोय, वारा पण जोरात आहे, दारासमोर गुडघ्याच्या वर थर साचलाय. नऊच्या सुमारास लक्षात आलं की घर गार पडायला लागलंय, थर्मोस्टॅटवर २० लावलेत पण दाखवतोय १६. खाली बेसमेंटमध्ये जाऊन पाहिलं तर फर्नेस सुरू व्हायला बघते, घुर्र आवाज येतो आणि अर्ध्या मिनिटात बंद, थोड्या वेळाने परत तेच. आत एक लाल दिवा लुकलुकतोय. घरात मी, सासूबाई (वय ७८) आणि माझा ६ वर्षांचा मुलगा. हे कामासाठी बाहेरगावी गेलेत आणि तिकडेच अडकलेत. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणाले रस्ते बंद आहेत, उद्या दुपारच्या आधी कोणी येणार नाही. वीज आहे, पाणी आहे. यातलं मी कधी काही हाताळलेलं नाही, हेच बघायचे सगळं. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, फोन हातात धरूनच बसलेय.

---

पानापक्कड | रात्री १०:१६

ताई, मी बरीच वर्षं हीटिंग आणि प्लंबिंगच्याच कामात आहे, घाबरू नका, तुम्ही सांगताय त्यावरून फर्नेस मेलेली नाही, ती स्वतःला वाचवतेय असं वाटतंय. आधी तीन गोष्टी सांगा. १) कार्बन मोनॉक्साइडचा (बिनवासाचा विषारी वायू) डिटेक्टर घरात आहे का आणि त्याची बॅटरी चालू आहे का, टेस्टचं बटण दाबून बघा. २) कोणाला डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं असं काही होतंय का? ३) फर्नेसमधून पांढरे प्लास्टिकचे दोन पाइप निघून घराच्या भिंतीतून बाहेर गेलेत का? या तिसऱ्या प्रश्नातच बहुतेक उत्तर आहे.

---

चांदणवेल | रात्री १०:२१

डिटेक्टर वरच्या मजल्यावर एक आणि खाली एक, दोन्ही दाबले, दोन्ही वाजले. आम्ही तिघंही ठीक आहोत. हो, पांढरे पाइप आहेत, बेसमेंटच्या छताला लागून मागच्या भिंतीतून बाहेर जातात.

---

पानापक्कड | रात्री १०:२९

मग ऐका. त्या दोनपैकी एका पाइपमधून फर्नेस बाहेरची हवा आत घेते आणि दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर टाकते. मागच्या बाजूला वाऱ्याने बर्फाचा ढीग चढून पाइपांची तोंडं बुजली की हवा फिरत नाही. आत एक प्रेशर स्विच असतो, त्याला हे कळतं आणि तो बर्नर पेटूच देत नाही, किंवा पेटलेला बंद करतो. चांगलीच गोष्ट आहे ती, नाहीतर विषारी वायू घरात साठला असता. तुमचा लाल दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा, फर्नेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो, त्यात कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते दिलेलं असतं.

बाहेर जाऊन ते पाइप मोकळे करावे लागतील. जाण्याआधी फर्नेसजवळ भिंतीवर साध्या लाइटच्या बटणासारखा एक स्विच असेल, तो बंद करा. पाइपांच्या चारही बाजूंनी निदान ९० सेंटिमीटर तरी मोकळं करा, वरचं लोंबतं बर्फ पण पाडा. पाइपाजवळ फावडं मारू नका, थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि एका फटक्यात तडकतं, शेवटचा वीतभर हातानेच काढा. पाइपाच्या तोंडात आत बर्फ जमलं असेल तर बोटाने काढा, काठी खुपसू नका. सगळं झालं की आत येऊन पाचेक मिनिटं थांबा आणि मग स्विच चालू करा.

---

शुश्रूषा | रात्री १०:३२

ताई, बाहेर जाताना आईंना खिडकीशी उभं करा, त्यांना तुम्ही दिसल्या पाहिजेत. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी पटकन उतरते. टोपी, हातमोजे, पायात उंच बूट. बर्फ ओढण्याचं काम हृदयावर फार ताण देतं, दमलात तर थांबा, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच आत या. एका दमात संपवायचं नाहीये.

---

रानवारा | रात्री १०:३५

गॅसचा मीटर पण त्याच भिंतीला असेल तर त्याच्यावरचंही बर्फ मऊ झाडूने किंवा हाताने काढा, लाथ मारून किंवा फावड्याने ठोकून नको. त्याच्या रेग्युलेटरला हवा लागते, आणि छपरावरून पाणी ठिबकून मीटरवर बर्फाचा गोळा झाला असेल तर तो फोडू नका, गॅसवाल्यांना कळवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मात्र काहीच करायचं नाही, दिवा लावायचा नाही, बंद पण करायचा नाही, तिघांनी बाहेर पडून शेजाऱ्यांकडे जायचं आणि तिथून फोन करायचा. वरून बर्फाने जमीन झाकली गेली की गळालेला गॅस वर निघून जायच्या ऐवजी पायाच्या भिंतीतून घरात शिरतो, म्हणून बर्फात वासाला जास्तच मान द्यायचा.

---

चांदणवेल | रात्री ११:२०

झालं! आले आत. दोन्ही पाइप पूर्ण गाडले गेले होते, दिसतच नव्हते, टॉर्चने अंदाजाने शोधले. गॅसचा वास नव्हता. मीटर पण मोकळा केला. दिवा तीनदा लुकलुकत होता आणि तक्त्यात त्याच्यासमोर प्रेशर स्विचच लिहिलंय. स्विच चालू केला, मिनिटभर नुसता पंख्याचा आवाज आला आणि मग पेटली, आता गरम हवा येतेय. खरंच कसे आभार मानू कळत नाहीये. आई म्हणाल्या, सगळ्यांना माझे आशीर्वाद लिही.

---

पानापक्कड | रात्री ११:२४

आईंना नमस्कार सांगा. बर्फ थांबेपर्यंत दर दोनतीन तासांनी एकदा खिडकीतून टॉर्च मारून पाइप दिसतायत का बघा.

आणि आता एक काम झोपायच्या आधी करा. घरात पाणी जिथून येतं तिथला मेन व्हॉल्व्ह शोधून ठेवा. बेसमेंटमध्ये रस्त्याच्या बाजूच्या भिंतीजवळ, पाण्याच्या मीटरपाशी असतो. आज लागणार नाही कदाचित, पण लागतो तेव्हा शोधायला वेळ नसतो.

---

चांदणवेल | रविवार, रात्री १२:५०

वीज गेली. सगळ्या गल्लीत अंधार आहे. फर्नेस गॅसवर आहे ना, मग ती पण का बंद झाली? आता काय?

---

काजवा | रात्री १२:५४

गॅसवर असली तरी पंखा, इग्निशन, कंट्रोल सगळं विजेवर चालतं, म्हणून बंद. तुमचं काही बिघडलेलं नाही. वीज कंपनीला गेल्याचं कळवा, शेजाऱ्यांनी कळवलं असेल असं धरून बसू नका. टीव्ही, मायक्रोवेव्ह वगैरेंचे प्लग काढा, एक दिवा तेवढा चालू ठेवा म्हणजे आली की कळेल. बाहेर कुठे तार तुटून पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं कधीच समजू नका, निदान दहा मीटर लांब राहा, बर्फाखाली पण तार असू शकते. पाणी अजून येतंय तोवर बादल्या, मोठी पातेली, बाथटब भरून ठेवा. फ्रिज उघडू नका, बंद राहिला तर चार तास थंड राहतो, त्याची काळजी आज सगळ्यात शेवटी.

---

शुश्रूषा | रात्री १२:५८

सगळं घर गरम ठेवायचा विचार सोडून द्या, एक खोली धरा. सगळ्यात लहान, शक्यतो कमी खिडक्यांची. तिघं तिथेच. खिडकीवर ब्लँकेट लावा, दाराच्या फटीत टॉवेल कोंबा. एका जाड स्वेटरपेक्षा दोनतीन पातळ थर बरे, डोक्यावर टोपी, पायात मोजे, मुलाला मध्ये घेऊन झोपा. मेणबत्त्या नकोत, टॉर्च वापरा, अंधारात ब्लँकेटांच्या ढिगाजवळ ज्योत नको.

आईंकडे विशेष लक्ष द्या. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजतेय हे कित्येकदा स्वतःला कळतच नाही, त्या "मी ठीक आहे" म्हणतील. दर तासाला बोलतं करा. बोलणं अडखळायला लागलं, गोंधळल्यासारखं झालं, हातातली वस्तू सुटायला लागली, किंवा आधी कापत होत्या आणि अंग गार असूनच कापणं थांबलं, तर शरीराचं तापमान ३५ च्या खाली जातंय असं समजून सरळ आपत्कालीन नंबर लावायचा. हातपाय चोळायचे नाहीत, आधी छाती पोट ऊबदार करायचं. त्यांची काही औषधं आहेत का?

---

चांदणवेल | रात्री १:०७

आईंना इन्सुलिन आहे. फ्रिजमध्ये आहे.

---

शुश्रूषा | रात्री १:१०

फ्रिजमध्येच राहू दे. खिडकीत किंवा बाहेर बर्फात अजिबात ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. सध्या चालू असलेलं पेन तुमच्या आतल्या खिशात ठेवलंत तरी चालेल, पण अगदी अंगाला चिकटून नको. साखर वेळेवर मोजा, थंडीत बोटं गार असली की रक्त नीट येत नाही, आधी हात गरम करून घ्या.

---

दवबिंदू | रात्री १:१५

गॅसची शेगडी काडीने पेटत असेल ना? ती चारही बर्नर लावून स्वयंपाकघरातच बसा की, आम्ही एकदा तसंच केलं होतं, मस्त गरम होतं. किंवा गॅरेजमध्ये गाडी चालू करून हीटर लावून बसा, गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून.

---

ओसरी | रात्री १:१८

नको!! ताई, यातलं काहीही करू नका. दवबिंदू, तुम्ही मदतीच्याच भावनेने लिहिलंत, पण हे राहू देता येणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितोय.

आमच्या घरी हे झालेलं आहे. अशीच वीज गेली होती, माझ्या भावाने जनरेटर गॅरेजमध्ये लावला, दार पूर्ण उघडं, त्याला वाटलं एवढी हवा पुरे. गॅरेज घराला लागून, मधल्या दाराच्या फटीतून धूर आत. धूर म्हणतोय पण दिसत काहीच नव्हतं, वासही नव्हता. पुतणी म्हणाली डोकं दुखतंय, त्यांना वाटलं झोप नाही म्हणून. मग वहिनी उठायला गेली आणि खाली बसली. त्या घरात डिटेक्टर नव्हता. भावाला काय सुचलं देव जाणे, त्याने दोघींना ओढत बाहेर बर्फात आणलं. तिघं वाचले, हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावावा लागला. अजून दहा मिनिटं गेली असती तर काय, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. म्हणून हवेत थोडासा असला तरी शरीर गुदमरतं आणि माणसाला फक्त झोप येतेय असं वाटतं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत लाखो घरांची वीज गेली तेव्हा कित्येक कुटुंबं याच कारणाने हॉस्पिटलात पोचली, काही पोचलीच नाहीत. लोकांनी घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. मूर्ख नव्हती ती माणसं, त्यांना थंडी वाजत होती.

जनरेटर घराबाहेर, दारंखिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब, धुराचं तोंड घरापासून उलटीकडे. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह घरात कधीच नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. गाडीत बसायचंच असेल तर ती गॅरेजच्या बाहेर काढून, सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करून मग.

---

दवबिंदू | रात्री १:२६

वाचून अंगावर काटा आला. आम्ही खरंच दोनदा केलंय हे, मुलं झोपली होती तिथेच. माझी आधीची पोस्ट कृपया कोणी पाळू नका. उद्याच डिटेक्टर आणतो, आमच्याकडे नाहीये.

---

काजवा | रात्री १:३१

आणि ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी तो भिंतीतल्या प्लगमध्ये उलटा जोडून सगळ्या घराला वीज द्यायचा प्रकार करू नका. ती वीज तुमच्या घरातून लाइनवर उलटी जाते, आणि ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढून खांबावर काम करणाऱ्या माणसाला लागते, जो तुमच्याचसाठी त्या बर्फात चढलेला असतो. ट्रान्सफर स्विच (घर एकतर लाइनवर नाहीतर जनरेटरवर, दोन्ही एकदम कधीच नाही) बसवून घ्या, नाहीतर लांब वायरने फ्रिज नि हीटर सरळ जनरेटरला लावा.

---

रानवारा | रात्री १:४०

ताई, पाण्याचं बघा आता. स्वयंपाकघराचं सिंक बाहेरच्या भिंतीला असेल तर खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे घरातली उरलीसुरली ऊब पाइपापर्यंत जाईल (आत फिनाईल वगैरे असेल तर मुलाच्या हाताबाहेर ठेवा). त्या नळाला गरम आणि गार दोन्हीकडून बारीक धार सोडून ठेवा.

आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे, तिथे मात्र हे उलटं पडतं, वीज गेली की पंप बंद, धार सोडली तर टाकीतलं आहे तेवढं पण संपतं. आम्ही सरळ पाइप रिकामे करतो.

---

निवांत७ | रात्री १:४६

बारीक धारेने काय होतं? पाणी वाहतं राहिलं की गोठत नाही असं ऐकलंय पण मी स्वतः पाहिलंय, धार चालू असताना गोठलेलं.

---

पानापक्कड | रात्री १:५८

बरोबर पाहिलंत, खूप थंडीत धार असली तरी गोठू शकतं. पण धारेचा खरा उपयोग दुसराच आहे आणि तो नीट समजून घ्या कारण सगळी मेख तिथेच आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलोय, त्यामुळे लोकांना वाटतं बर्फ पाइपाला आतून ढकलून फोडतो. कधी तसंही होतं, पण बऱ्याचदा पाइप बर्फाच्या जागी फुटतच नाही. बर्फाचा बूच तयार होतो, तो वाढत जातो आणि बूच नि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला दाबत राहतो. त्या पाण्याला जायला जागा नाही. दाब वाढत वाढत जातो आणि जिथे पाइप किंवा जोड कच्चा असेल तिथे तडकतो, तो भाग कदाचित चांगला ऊबदार पण असेल. नळ थोडा उघडा असला की त्या दाबाला वाट मिळते. म्हणजे गोठलं तरी फुटायची शक्यता कमी होते.

आणि फुटलेलं लगेच कळत नाही हे दुसरं. बर्फ आहे तोवर तोच बूच पाणी अडवून धरतो. वितळलं की गळायला लागतं. म्हणून मघाशी मेन व्हॉल्व्ह म्हणालो. ताई, शोधलात का?

---

चांदणवेल | रात्री २:०५

नाही शोधला, फर्नेस सुरू झाली त्या आनंदात राहून गेलं. आता टॉर्च घेऊन जाते. खोलीत १३ आहे. मुलगा झोपलाय, आई जाग्या आहेत, बोलतायत.

---

चांदणवेल | रात्री २:३०

सापडला. मीटरच्या मागे, खोक्यांच्या आड होता. गोल चाकासारखा आहे पण फिरतच नाहीये, जाम झालाय.

---

पानापक्कड | रात्री २:३४

जोर लावू नका, पक्कड लावून तर नकोच, दांडा तुटला तर आत्ताच पूर येईल. जुना गेट व्हॉल्व्ह आहे, वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. हाताने थोडं उघडायच्या दिशेला, मग थोडं बंद करायच्या दिशेला, परत उघडायच्या, असं नखभर नखभर हलवत राहा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बंद होतो. दहा पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या. सुटला की एकदा पूर्ण बंद करून बघा आणि परत उघडा.

---

चांदणवेल | रात्री ३:०२

सुटला!! बंद होतो, नळाला पाणी थांबलं. परत उघडला. बोटं बधिर झालीत पण सुटला.

---

शुश्रूषा | रात्री ३:०५

शाब्बास ताई. आता ब्लँकेटात शिरा, हात काखेत धरा, चोळू नका. मी जागी आहे, माझी नाइट शिफ्ट आहे, तासाभराने इथे एक ओळ टाका म्हणजे मला कळेल.

---

चांदणवेल | पहाटे ४:१०

ठीक आहोत. ११ अंश.

---

चांदणवेल | पहाटे ५:१५

१०. आई थोड्या गप्प आहेत पण विचारलं तर नीट उत्तर देतात, आजची तारीख, नातवाचं नाव सगळं. शेजारच्या घरातून दिवा हलवून दाखवतायत, त्यांच्याकडे धुराड्याची लाकडाची शेगडी आहे.

---

शुश्रूषा | पहाटे ५:१८

जा. विजेची वाट पाहू नका. थोडं उजाडलं की शेजाऱ्यांना फोन करून मध्यापर्यंत यायला सांगा आणि तिघं जा. आई गप्प होणं मला आवडलेलं नाही.

---

पानापक्कड | पहाटे ५:२५

घर सोडताना मेन व्हॉल्व्ह बंद करा, मग सगळे नळ उघडून टाका, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत, आणि फ्लश एकदा ओढा म्हणजे पाइपातलं पाणी उतरून जाईल. वॉटर हीटरचं बटण पायलटवर, म्हणजे नुसत्या छोट्या ज्योतीवर, आणा (विजेवरचा असेल तर ब्रेकर पाडा), टाकी रिकामी असताना वीज आली तर कॉइल जळते. पाच मिनिटांचं काम आहे, पण आईंना जास्त त्रास होत असेल तर हेही सोडा आणि निघा. पाइप बदलून मिळतात.

---

चांदणवेल | रविवार, दुपारी १:४०

सकाळी साडेसहाला शेजारचे काका-काकू येऊन आईंना दोन्हीकडून धरून घेऊन गेले, मुलाला मी कडेवर घेतलं. शेगडीजवळ तासाभरात आई परत पहिल्यासारख्या बोलायला लागल्या, साखर पण नीट आहे. मेन बंद केला होता, नळ उघडले होते, फ्लश ओढायला विसरले.

साडेअकराला वीज आली. घरी येऊन बाहेरचे पाइप परत मोकळे केले, फर्नेस लावली, सुरू झाली. आता घरात १५ आहे. वॉटर हीटर अजून पायलटवरच आहे. नळ बंद करून मेन हळूच उघडला तर बाथरूमला पाणी आलं, पण किचनच्या गार नळाला काहीच नाही, थेंब पण नाही. गोठलंय ना? पण मी तर पाणी काढून टाकलं होतं.

---

पानापक्कड | दुपारी १:५२

पाइपाला जिथे पोट पडलेलं असतं तिथे पाणी राहतं, किंवा निघायच्या आधीच तिथे गोठलं असेल. आता घाई नाही.

किचनचा गार नळ उघडा ठेवा. सिंकखालच्या कपाटात बघा, पाइपावर कुठे दहिवर जमलंय, कुठे हात लावल्यावर एकदम गार लागतंय. हेअर ड्रायर घ्या, उभं राहायची जागा कोरडी हवी, आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे भिंतीकडे जा. मधूनच सुरू केलंत तर वितळलेलं पाणी आणि वाफ दोन बर्फांमध्ये अडकते. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा. ज्योत, टॉर्चगन, मेणबत्ती काहीही नाही, भिंतीच्या आत लाकूड असतं आणि आग आतल्या आत लागते. आणि कोणाला तरी मेन व्हॉल्व्हपाशी उभं करा, फोन चालू ठेवून.

---

चांदणवेल | दुपारी ३:०५

काका व्हॉल्व्हपाशी उभे होते. चाळीस मिनिटं ड्रायर धरला, आधी थेंब थेंब, मग खरखरत धार आली आणि त्याच वेळी कपाटाच्या मागच्या भिंतीतून सूं आवाज. मी फोनवर "बंद करा" एवढंच ओरडले. काकांनी लगेच बंद केला. कपाटात साधारण एक बादली पाणी आलं, बस. त्या भिंतीवरच्या प्लगचा ब्रेकर पाडला, बेसमेंट कोरडं आहे. रात्री तो चाक सुटला नसता तर आज मी काय लिहीत असते मला माहीत नाही.

---

ओसरी | दुपारी ३:११

डोळ्यात पाणी आलं वाचताना. एक बादली! सगळे ठीक आहात, अजून काय पाहिजे.

---

काजवा | दुपारी ३:२०

भिजलेला भाग लगेच उघडा करून पंखा लावा, प्लास्टरमागे ओल राहिली की बुरशी धरायला एकदोन दिवस पुरतात. काढण्याआधी फोटो काढून ठेवा, विमा असेल तर लागतात. तो प्लग पूर्ण सुकल्याशिवाय आणि इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय ब्रेकर वर करू नका.

---

हिरवीपायवाट | रविवार, संध्याकाळी ७:३०

पूर्ण धागा एका दमात वाचला. आमच्याकडे गॅस नाही, हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणारं विजेवरचं मशीन) आहे. बाहेरच्या युनिटवर पांढरा थर चढलाय, मधूनच वाफ निघते आणि पंखा थांबतो, हे बिघडलंय का?

---

पानापक्कड | संध्याकाळी ७:४४

नाही, ते डीफ्रॉस्ट करतंय, काही मिनिटांनी परत सुरू होईल. पातळ दहिवर चालतं, पण सगळं युनिट जाड बर्फात गेलं आणि तासाभरातही उतरलं नाही तर थर्मोस्टॅटवर इमर्जन्सी हीट (बाहेरचं युनिट सोडून आतला हीटर) लावा आणि माणूस बोलवा. चारही बाजूंनी नि खालून बर्फ काढत राहा, पत्र्यांमधलं बर्फ टोकदार वस्तूने खरवडू नका, आतली नळी फुटते. कोमट पाणी हळूहळू ओतलं तर चालतं.

---

सांजदिवा | संध्याकाळी ८:०२

माझ्या वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, विजेवर चालतो. काल रात्री हा धागा वाचत असताना पहिल्यांदा डोक्यात आलं की वीज गेली तर बॅटरी दीड तास, पुढे काय? मला झोप लागली नाही.

---

शुश्रूषा | संध्याकाळी ८:१५

सांजदिवा, उद्या सकाळी दोन फोन करा. पहिला मशीन पुरवणाऱ्यांना, वीज न लागणारा सिलेंडर घरी ठेवायला मागा, तो कसा लावायचा ते स्वतः एकदा करून बघा, आणि वडिलांच्या फ्लोला किती तास पुरेल ते त्यांच्याकडून लिहून घ्या. दुसरा वीज कंपनीला, घरात जीव टिकवणारं मशीन आहे अशी नोंद करता येते का विचारा. नोंद झाली तरी वीज आधी येईलच असं धरू नका, सिलेंडर हवाच. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती, शेगडी, विडी काहीही नाही.

---

चांदणवेल | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

आज प्लंबर येऊन गेला. भिंत उघडल्यावर पाइपाला बोटभर लांब उभी चीर दिसली, आणि पानापक्कड दादांनी सांगितलं होतं तसंच, बर्फ झाला होता तो कोपरा वेगळा आणि फुटलं होतं ते नळाच्या जवळ. सिंकच्या मागे भिंतीत इन्सुलेशनच नव्हतं, ते भरून घेतलं. जुना चाकवाला व्हॉल्व्ह काढून दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवला, पाव वळसा फिरवला की बंद. त्याला लाल रिबन बांधलीय, मुलाला पण दाखवून ठेवलंय. बाहेरच्या पाइपांपाशी एक उंच काठी रोवलीय म्हणजे परत गाडले गेले तरी जागा कळेल. हे काल रात्री पोचले, त्यांना आईंनीच सगळं सांगितलं, मधूनमधून माझं नाव घेत होत्या, मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

शुश्रूषा ताई, तुम्ही रात्रभर जाग्या होतात, ते मी विसरणार नाही.

---

निवांत७ | मंगळवार, रात्री ९:१०

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, बेसमेंट वगैरे नाही. आमचा व्हॉल्व्ह कुठे असेल? गुरुवारी परत मोठा बर्फ सांगितलाय.

---

पानापक्कड | रात्री ९:१८

बाथरूममध्ये किंवा वॉशिंग मशीनच्या मागे भिंतीत छोटं झाकण असेल तिथे, नाहीतर किचन सिंकखाली, किंवा वॉटर हीटरजवळ. काही इमारतींत फक्त मजल्याला एकच असतो आणि किल्ली इमारत बघणाऱ्या माणसाकडे असते, तसं असेल तर रात्री त्याचा कुठला नंबर लागतो ते आत्ताच विचारा.

---

निवांत७ | रात्री ९:५२

सापडला, वॉशिंग मशीनच्या मागे. मशीन पुढे ओढावं लागलं. फिरतोय.